शहरातल्या पंचतारांकित हॉटेलात सभासद म्हणून राहताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बारा वर्षं कामानिमित्त मी पुण्याहून मुंबईला जातो आणि महिन्यातल्या चार-पाच रात्री हॉटेलात काढतो. त्यामुळे ऑफिसातले सहकारी, नातेवाईक, ओळखीच्यांचे ओळखीचे असे सगळेच मला या विषयावरचे प्रश्न पाठवत असतात. तेच ते प्रश्न पुन्हा यायला लागले, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली.

उदाहरणं बहुतांशी मॅरियट या हॉटेल कंपनीच्या बॉनवॉय या सभासद योजनेची आहेत, कारण माझ्या बहुतेक रात्री तिथल्याच. जुहू आणि सहारचं जेडब्ल्यू मॅरियट, लोअर परळचं सेंट रेजिस, पुण्यात सेनापती बापट रस्त्यावरचं जेडब्ल्यू, कोरेगाव पार्कचं वेस्टिन, येरवड्याचं रिट्झ-कार्लटन ही सगळी याच कुटुंबातली. नियम अधूनमधून बदलतात. मोठा खर्च करण्याआधी ॲपमधला ताजा नियम एकदा वाचून घ्या.

१. हे सभासदत्व म्हणजे नेमकं काय? त्याचे पैसे भरावे लागतात का?

नाही. नाव, ईमेल आणि मोबाइल नंबर दिला की पाच मिनिटांत सभासद क्रमांक मिळतो. त्या क्रमांकावर तुमच्या राहण्याच्या रात्री आणि पॉइंट जमा होत जातात. रात्री वाढल्या की पायरी (सिल्व्हर, गोल्ड असा सभासदाचा दर्जा) वाढते, पॉइंट साठले की ते देऊन राहता येतं. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत आणि बहुतेक गोंधळ त्या एकच समजल्यामुळे होतो. पॉइंट खर्च होतात. रात्री खर्च होत नाहीत, त्या फक्त मोजल्या जातात.

मॅरियटने २०१६ साली स्टारवुड विकत घेतलं आणि दोन्हीकडच्या योजना एकत्र करून २०१९ मध्ये त्यांना बॉनवॉय हे नाव दिलं. हिल्टन ऑनर्स, वर्ल्ड ऑफ हयात, आयएचजी वन रिवॉर्ड्स, आयटीसीचं क्लब आयटीसी हे असेच प्रकार. ताजचं थोडं वेगळं आहे, ते प्रश्न १९ मध्ये. वरळीच्या फोर सीझन्समध्ये मात्र पॉइंट शोधू नका. त्या कंपनीची पॉइंटांची योजनाच नाही.

२. फोनवरून काही हजार रुपयांत ‘मॅरियटची मेंबरशिप’ घ्या म्हणाले. हीच का ती?

ही ती नव्हे. फोनवर विकलं जातं ते बहुधा क्लब मॅरियट. ते पैसे भरून घेण्याचं वार्षिक सभासदत्व आहे आणि त्याचा भर हॉटेलातल्या रेस्टॉरंटमधल्या सवलतीवर आणि काही व्हाउचरवर असतो. बॉनवॉय फुकट आहे आणि ते राहण्याशी जोडलेलं आहे. ताजचं एपिक्युअर हेसुद्धा पैसे भरायचं सभासदत्व.

ती वाईट आहेत असं मी म्हणत नाही. महिन्यातून दोनदा घरची मंडळी त्याच हॉटेलात जेवायला जात असतील तर पैसे वसूल होतात. पण ते घेतल्याने खोलीचं अपग्रेड, लाउंज (वरच्या पायऱ्यांच्या सभासदांची बसायची-खायची वेगळी जागा) किंवा चार वाजताचा चेकआउट हक्काने मिळत नाही. फोनवर कार्ड नंबर मात्र देऊ नका. घ्यायचंच असेल तर हॉटेलच्या अधिकृत साइटवरून घ्या.

३. कोणत्या पायऱ्या आहेत आणि किती रात्री लागतात?

बॉनवॉयमध्ये एका कॅलेंडर वर्षात १० रात्री झाल्या की सिल्व्हर, २५ ला गोल्ड, ५० ला प्लॅटिनम, ७५ ला टायटेनियम. त्यावरची ॲम्बॅसडर पायरी १०० रात्री आणि २३,००० डॉलरचा खर्च अशा दुहेरी अटीवर मिळते. एकदा मिळालेली पायरी त्या वर्षअखेरपर्यंत, पुढचं पूर्ण वर्ष आणि त्यापुढच्या फेब्रुवारीअखेरपर्यंत टिकते. म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत ५० रात्री पुऱ्या करणाऱ्याला डिसेंबरात पुऱ्या करणाऱ्यापेक्षा जास्त काळ फायदा मिळतो.

आयुष्यभराची पायरीही असते. प्लॅटिनम कायमचं हवं असेल तर एकूण ६०० रात्री आणि त्या पायरीवर १० वर्षं. फिरतीची नोकरी असलेल्या तिशीतल्या माणसाने हा आकडा लक्षात ठेवावा, कारण जुन्या रात्री वाया जात नाहीत.

जवळची वाट म्हणजे क्रेडिट कार्ड. एचडीएफसी बँकेने २०२३ मध्ये बॉनवॉयचं कार्ड आणलं. त्यावर सिल्व्हर पायरी आणि वर्षाला १० रात्रींची नोंद मिळते. पन्नासचं अंतर चाळीसवर येतं, हा त्याचा खरा उपयोग.

४. मी नवीनच सभासद आहे. पायरी नाही. मग मला काय मिळणार?

सभासदांचा थोडा कमी दर, थेट बुकिंगवर फुकट वायफाय, ॲपवरून चेक-इन, आणि पॉइंट. एवढंच. ‘मी मेंबर आहे’ म्हणून काउंटरवर मोठ्या खोलीची, म्हणजे सूटची (suite), अपेक्षा ठेवली तर हिरमोड होईल.

५. पॉइंट किती मिळतात? डॉलरमधला हिशेब कळत नाही.

जेडब्ल्यू, वेस्टिन, सेंट रेजिस अशा बहुतेक ब्रँडमध्ये खर्चाच्या प्रत्येक अमेरिकन डॉलरला १० पॉइंट. कर धरत नाहीत. समजा खोली १८,००० रुपये, दोन रात्री, म्हणजे ३६,००० रुपये. डॉलर ९० रुपयांना धरला तर ४०० डॉलर, म्हणजे ४,००० पॉइंट. गोल्डला त्यावर २५ टक्के जादा, म्हणजे ५,०००. प्लॅटिनमला ५० टक्के जादा, म्हणजे ६,०००.

रात्रीचं जेवण हॉटेलातच घेतलं आणि बिल खोलीवर टाकलं तर तेही मोजलं जातं. शिवाय आपल्याकडे योजनेत असलेल्या रेस्टॉरंटमध्ये न राहता नुसतं जेवलं तरी पॉइंट मिळतात. बिल मागताना सभासद क्रमांक द्यायचा. बिल छापून झाल्यावर सांगितलं तर त्यांची धावपळ होते आणि अनेकदा नोंद राहून जाते.

६. ट्रॅव्हल ॲपवर दीड हजार रुपये स्वस्त मिळत होतं म्हणून तिथून बुक केलं. पॉइंट का नाही आले?

सगळ्यात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न हाच. मेकमायट्रिप, बुकिंग, अगोडा किंवा कुठल्याही एजंटाच्या पॅकेजमधून खोली घेतली की हॉटेलच्या लेखी तुम्ही त्या कंपनीचे गिऱ्हाईक. पॉइंट मिळत नाहीत, रात्र मोजली जात नाही, पायरीचे फायदेही हक्काने मागता येत नाहीत. दिले तर तो त्यांचा चांगुलपणा.

मी हे नुकसान सोसून शिकलो. एका वर्षी माझ्या ४६ रात्री झाल्या होत्या. डिसेंबरात मुंबईत चार रात्रींचं काम निघालं. ऑफिसच्या एजंटने स्वस्त पडतं म्हणून एका पोर्टलवरून खोली घेतली. मी व्हाउचरकडे पाहिलंच नाही. काउंटरवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे वळवून दाखवली. दराच्या रकान्यात माझ्या नावापुढे रक्कम नव्हती, पोर्टलचं नाव होतं. ती म्हणाली, ‘सर, तुमचा नंबर मी टाकते, पण सिस्टिम घेणार नाही.’ सिस्टिमने घेतला नाही. प्लॅटिनम त्या वर्षी हुकलं. तेव्हापासून कुठलंही बुकिंग आलं की मी पहिल्यांदा एवढंच बघतो: माझ्या ॲपमध्ये ते दिसतंय का? दिसलं तर सहसा काळजी नाही. दिसलं नाही तर जाण्याआधीच फोन करायचा.

दर खरोखर कमी असेल तर आणखी एक रस्ता आहे. थेट बुकिंग केल्यापासून २४ तासांच्या आत बाहेर तीच खोली, त्याच तारखा, त्याच अटींवर स्वस्त दिसली तर मॅरियटकडे दावा करता येतो. दावा मान्य झाला की तो दर लागू करून वर २५ टक्के सवलत किंवा ५,००० पॉइंट देतात. ‘त्याच अटी’ हे शब्द महत्त्वाचे आहेत. रद्द न होणाऱ्या दराची तुलना रद्द होणाऱ्या दराशी केली तर दावा टिकत नाही.

७. पैसे कंपनी भरते. मग पॉइंट कंपनीचे की माझे?

जो राहतो त्याचे. कंपनीने हॉटेलशी ठरवलेल्या दरावर बुकिंग असलं तरी रात्र आणि पॉइंट सहसा मिळतात. तुमचा क्रमांक बुकिंगवर घालायला ट्रॅव्हल डेस्कला सांगा. एजंटने पोर्टलवरून घेतलं तर मात्र प्रश्न ६ चं उत्तर लागू होतं. काही कंपन्यांचं याबाबत स्वतःचं धोरण असतं, एचआरला एकदा विचारून ठेवणं चांगलं.

८. बिलावर जीएसटी किती लागतो, आणि कंपनीला तो परत मिळतो का?

खोलीचा दर दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर असेल तर १८ टक्के. शहरातली पंचतारांकित हॉटेलं जवळपास सगळी याच गटात येतात. म्हणून ॲपवर १८,००० दिसलं की मनात २१,२४० धरा. अशा हॉटेलांच्या रेस्टॉरंटमध्ये जेवणावरही १८ टक्के लागतो, बाहेरच्या साध्या हॉटेलसारखा ५ टक्के नाही. दारूवर जीएसटी नसतो, तिचा व्हॅट वेगळा.

आता अडचणीचा भाग. हॉटेल ज्या राज्यात, तिथलाच जीएसटी लागतो. कंपनीची नोंदणी महाराष्ट्रातली असेल तर मुंबईतल्या बिलावरच्या खोलीच्या कराचं क्रेडिट घेता येतं, म्हणजे तो कर कंपनीच्या देण्यातून वजा होतो. नोंदणी फक्त कर्नाटकातली असेल तर मुंबईच्या बिलावरचा कर हातचा जातो. कंपनीचा जीएसटी क्रमांक चेक-इनलाच द्या. चेकआउटला मागे टॅक्सी उभी असताना बिल बदलून घेणं फार त्रासाचं होतं.

९. आम्ही दोन खोल्या घेतो. दोन्हींचे पॉइंट मला मिळतील का? आणि मी मुलासाठी नुसती खोली बुक करून दिली तर?

तुम्ही स्वतः त्या हॉटेलात राहत असाल आणि पैसे तुम्ही भरत असाल तर तीन खोल्यांपर्यंतचे पॉइंट तुमच्या खात्यात येऊ शकतात. पायरीचे फायदे मात्र तुम्ही ज्या खोलीत राहता तिलाच. सासू-सासरे शेजारच्या खोलीत असतील तर त्यांना तुमच्या प्लॅटिनमवर लाउंज मागू नका. विनंती करायला हरकत नाही, पण तो हक्क नाही.

तुम्ही पुण्यात आणि मुलगा मुंबईच्या हॉटेलात, असं असेल तर तुम्हाला काहीच मिळत नाही. मुलालाच सभासद करा आणि बुकिंग त्याच्या नावाने, त्याच्या क्रमांकावर घ्या. घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाचं स्वतःचं खातं असावं असं मी सगळ्यांना सांगतो.

१०. मी गोल्ड आहे. ब्रेकफास्ट फुकट नाही म्हणाले. फसवलं का?

फसवलं नाही. बॉनवॉयमध्ये गोल्डला ब्रेकफास्ट नाहीच, तो प्लॅटिनमपासून सुरू होतो. हिल्टनमध्ये उलट आहे: अमेरिकेबाहेर गोल्डलाही ब्रेकफास्ट मिळतो. म्हणून पुण्यात मंगलदास रस्त्यावरच्या कॉनराडमध्ये हिल्टन गोल्डचा पाहुणा खाऊन उठतो आणि कोरेगाव पार्कच्या वेस्टिनमध्ये मॅरियट गोल्डचा पाहुणा बिलावर सही करतो. दोघांच्या कार्डावर ‘गोल्ड’च लिहिलेलं असतं. पायरीच्या नावावर जाऊ नका.

प्लॅटिनमचा फायदा सभासद आणि त्याच खोलीतला आणखी एक पाहुणा, अशा दोघांपुरता. मुलांचं हॉटेलवर अवलंबून असतं. काही ठिकाणी ठरावीक वयापर्यंत फुकट, पुढे अर्धा दर. टेबलावर बसण्याआधी विचारून घ्या.

मोठा अपवाद रिट्झ-कार्लटनचा. तिथे प्लॅटिनमला ना ब्रेकफास्ट, ना क्लब लाउंज. येरवड्याला जाणाऱ्या कितीतरी जणांना हे काउंटरवर कळतं. तिथे राहायचंच असेल तर ब्रेकफास्टसकटचा दर आधीच घ्या.

आणखी एक. प्लॅटिनमला चेक-इनच्या वेळी स्वागतभेट निवडायला सांगतात: पॉइंट, खाण्याची एखादी वस्तू किंवा ब्रेकफास्ट. लाउंज असलेल्या हॉटेलात ब्रेकफास्ट तसाही मिळत असेल तर पॉइंट घ्या. ‘लाउंजमुळे ब्रेकफास्ट आहेच ना?’ एवढा एक प्रश्न विचारा आणि मग सही करा.

११. लाउंजमध्ये कोण जाऊ शकतं? तिथे असतं काय?

प्लॅटिनम आणि वरचे, सोबत एक पाहुणा. शिवाय ज्यांनी लाउंजसकट खोली घेतली आहे ते. दिवसभर चहा-कॉफी, संध्याकाळी दोन तास पेयं आणि थोडं खाणं. काही हॉटेलांत संध्याकाळच्या वेळात लहान मुलांना आणू देत नाहीत. माझ्या दृष्टीने लाउंजचा सगळ्यात मोठा उपयोग चेकआउटनंतरच्या दोन तासांचा: लॅपटॉप लावायला जागा आणि शांतता. निघायच्या दिवशीही आत बसू देता का, हे विचारा. बहुतेक ठिकाणी बसू देतात.

१२. अपग्रेड मागायचं कसं? मागायला संकोच वाटतो.

संकोच नको, पण वेळ बघा. दुपारी तीनच्या सुमारास काउंटरपुढे रांग असते आणि खोल्या तयार होत असतात. तेव्हा मागणाऱ्याला हातात असेल ते देतात. मी आदल्या संध्याकाळी ॲपवरून हॉटेलला निरोप टाकतो: किती वाजता येणार, कशासाठी येतोय, आणि काय हवं. ‘अपग्रेड द्या’ असं न लिहिता ‘वरच्या मजल्यावरची, लिफ्टपासून लांबची खोली मिळाली तर बरं’ असं लिहितो. रात्री एक वाजता लिफ्टची घंटा, मग बॅगेची चाकं, मग कुणाचं तरी फोनवरचं बोलणं, हे सगळं दाराखालच्या फटीतून आत येतं. मोठ्या खोलीपेक्षा शांत खोली मला जास्त मोलाची.

नियमाने प्लॅटिनमला शिल्लक असेल तर चांगली खोली देतात, त्यात काही सूट-खोल्याही येतात. ‘शिल्लक असेल तर’ हा निर्णय हॉटेलचा. वर्षाला ५० रात्री झाल्या की एक भेट निवडायला मिळते, तिच्यात पाच नाइटली अपग्रेड अवॉर्ड (एकेका रात्रीसाठी चांगली खोली मागायची कुपनं) घेता येतात. ते आगाऊ लावता येतात, पण मिळतीलच याची खात्री नसते. लग्नसराईतल्या शनिवारी ते लावून ठेवण्यात अर्थ नाही. जून-जुलैतल्या मंगळवारी लावा.

१३. चार वाजता चेकआउट मिळतो म्हणतात. गोव्यात मात्र नाही म्हणाले. असं का?

दोघांचंही बरोबर आहे. प्लॅटिनम आणि वरच्यांना चार वाजेपर्यंतचा चेकआउट शहरातल्या हॉटेलांत हक्काचा. रिसॉर्ट आणि कन्व्हेन्शन (मोठ्या परिषदा भरवणाऱ्या) हॉटेलांत तो खोल्या शिल्लक असतील तरच. गोव्यातली बरीचशी हॉटेलं रिसॉर्टमध्ये मोडतात. गोल्डला दोन वाजेपर्यंत, तोही शक्य असेल तर.

मला विचाराल तर सगळ्या फायद्यांत हा पहिला. सकाळची मीटिंग उरकून, परत येऊन अंघोळ करून, कपडे बदलून संध्याकाळची गाडी पकडता येते. चेक-इन करतानाच सांगून ठेवा, म्हणजे हाउसकीपिंगच्या यादीत तुमची खोली शेवटी लागते. सकाळी साडेअकराला फोन करून सांगणं हा त्या मजल्यावर काम करणाऱ्या बाईंवर अन्याय आहे. त्यांच्या दिवसाच्या खोल्या ठरलेल्या असतात.

१४. सकाळी डेक्कन क्वीनने पोचलो तर खोली लगेच मिळेल का?

डेक्कन क्वीन सव्वासातला पुण्याहून निघते आणि साडेदहाच्या सुमारास मुंबईत पोचते. चेक-इन सहसा दोन किंवा तीनला. लवकर खोली मिळणं हा कुठल्याच पायरीचा हक्क नाही. आदल्या दिवशी कळवलं तर बऱ्याचदा बारापर्यंत सोय होते. नाही झाली तर बॅग बेल डेस्कला (सामान सांभाळणाऱ्या काउंटरला) ठेवा, पावती घ्या आणि कामाला जा. सकाळी सातलाच खोली हवी असेल तर आदल्या रात्रीचं बुकिंग करून हॉटेलला तसं कळवा. नाहीतर ‘पाहुणा आलाच नाही’ म्हणून ते रद्द होतं.

१५. ओळखपत्र कुठलं चालतं? अमेरिकेतून भाऊ येतोय, त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) आहे.

आधार, वाहन परवाना, मतदार ओळखपत्र किंवा पासपोर्ट. पॅन कार्ड सहसा चालत नाही, कारण त्यावर पत्ता नसतो. आधार द्यायचं तर आठ आकडे झाकलेली प्रत देता येते. खोलीत राहणाऱ्या प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र लागतं, फक्त बुकिंग करणाऱ्याचं नाही.

ओसीआय असला तरी भाऊ परदेशी नागरिकच. हॉटेलला त्याची माहिती २४ तासांच्या आत ठरलेल्या फॉर्मवर सरकारला कळवावी लागते. मूळ पासपोर्ट आणि ओसीआय कार्ड दोन्ही हाताशी ठेवायला सांगा. न्यू जर्सीहून रात्री दोनला उतरलेल्या माणसाला बॅगेच्या तळातून ओसीआय कार्ड शोधावं लागू नये.

१६. पुतणीचं लग्न हॉटेलात आहे, आमच्या तीस खोल्या आहेत. पाहुण्यांना पॉइंट मिळतील का?

यजमानाने सगळ्या खोल्यांचे पैसे एकत्र भरले तर पाहुण्यांना नाही मिळत. पाहुण्याने स्वतःच्या खोलीचे पैसे स्वतः भरले तर गटाच्या दरातही सहसा मिळतात. यजमानाला मात्र समारंभाच्या खर्चावर वेगळे पॉइंट घेता येतात: डॉलरला दोन, आणि एका समारंभाला ६०,००० ची मर्यादा, वरच्या पायऱ्यांना जास्त. हे आपोआप होत नाही. करारावर सह्या करताना सभासद क्रमांक त्यात लिहून घ्यावा लागतो. लाखोंचं बिल भरून पॉइंट न घेतलेली दोन लग्नं आमच्याच नात्यात झाली.

१७. साठलेले पॉइंट कधी वापरावेत? फुकट रात्री पायरीत मोजतात का?

मोजतात. पॉइंट देऊन राहिलेली रात्रही रात्रच.

कधी वापरायचे याचा माझा हिशेब सोपा आहे. करासकट रोख दर घ्यायचा आणि मागितलेल्या पॉइंटांनी भागायचा. २१,२४० रुपयांची खोली ३०,००० पॉइंटांना मिळत असेल तर पॉइंटमागे सुमारे ७० पैसे. साठ पैशांच्या खाली आलं तर मी रोख भरतो. पॉइंटांचा दर तारखेनुसार बदलतो, त्यामुळे एक दिवस पुढे-मागे करून बघा. आणि पाच रात्री सलग पॉइंटांवर घेतल्या तर चारचेच पॉइंट लागतात. सुट्टी पाच रात्रींची ठरवा, चारची नको.

१८. पॉइंट बुडतात का? आईच्या खात्यातले मला घेता येतील का?

२४ महिने खात्यात काहीच हालचाल झाली नाही तर बुडतात. एखादं जेवण किंवा कार्डावरून आलेले थोडे पॉइंटही पुरतात. आई तुम्हाला वर्षाला १ लाखापर्यंत पॉइंट पाठवू शकते. रात्री आणि पायरी मात्र एकाच्या दुसऱ्याला देता येत नाहीत.

१९. ताजमध्ये हेच नियम आहेत का?

नाहीत. ताजची इनरसर्कल ही सभासद योजना २०२२ मध्ये टाटांच्या ‘टाटा न्यू’ ॲपशी जोडली गेली. तिथे पॉइंटऐवजी न्यूकॉइन मिळतात आणि एका न्यूकॉइनची किंमत एक रुपया. प्रश्न १७ मधला भागाकार इथे करावाच लागत नाही, हे मला फार आवडतं.

कुलाब्याच्या ताजमहाल पॅलेसबद्दल एक वेगळी सूचना. १९०३ ची मूळ इमारत आणि १९७० च्या दशकातला टॉवर या दोन वेगळ्या वास्तू आहेत. घुमटाखालचा तो जिना मनात धरून जात असाल तर पॅलेस विंगचीच खोली बुक करा. अपग्रेडच्या भरवशावर टॉवरची घेऊ नका.

२०. रात्र खात्यात जमाच झाली नाही. आता?

दहा दिवस थांबा. नाही आली तर ॲपमधून ‘राहिलेली रात्र’ अशी मागणी टाका आणि बिलाची पीडीएफ जोडा. बहुतेक वेळा दोष नावात असतो: खात्यात वडिलांचं नाव मधे, बुकिंगवर नाही, किंवा ‘कुलकर्णी’चं स्पेलिंग दोन प्रकारचं. पासपोर्टवर आहे तसंच नाव खात्यात ठेवा. आणि बिल घेतल्याशिवाय हॉटेल सोडू नका, ईमेलवर पाठवतो म्हणाले तरी.

२१. कार्डावरून जास्त पैसे कापले गेले. आणि बिलात सर्व्हिस चार्ज होता.

चेक-इनला घेतात ती अनामत. क्रेडिट कार्डावर ती रक्कम फक्त अडकवून ठेवतात. डेबिट कार्डावर खात्यातून खरोखर जाते आणि परत यायला दिवस लागतात. म्हणून अनामतीला क्रेडिट कार्डच द्या.

सर्व्हिस चार्ज आपोआप लावता येत नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये तसं स्पष्ट केलं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं. शांतपणे ‘हा काढून द्या’ म्हणा. ज्याने सेवा चांगली केली त्याच्या हातात मी वेगळे पैसे देतो.

२२. बुकिंग असून खोली नाही म्हणाले तर?

पायरीवरच्या सभासदाचं पक्कं बुकिंग पाळता आलं नाही तर हॉटेलने त्या रात्रीची सोय जवळच्या हॉटेलात स्वखर्चाने करायची असते, वर पायरीनुसार भरपाई. हे थेट बुकिंगलाच. ‘दुसरीकडे जा’ एवढंच ऐकून बाहेर पडू नका. ड्यूटी मॅनेजरला बोलवा, भरपाई लेखी घ्या, मग जा.

२३. डिसेंबर आला, तीन रात्री कमी पडतायत. पुण्यातच खोली घेऊन पूर्ण करू का?

पुढच्या वर्षी किमान वीस-पंचवीस रात्री हॉटेलात जाणार असतील तर हिशेब बसतो. नसतील तर नको. तीन रात्रींचे पन्नास-साठ हजार घालून मिळालेली पायरी वापरलीच नाही, असं झालेले मी पाहिले आहेत. घ्यायच्याच असतील तर एखाद्या शनिवार-रविवारी बायको-मुलांना घेऊन जा, म्हणजे निदान पोहायला तरी जाता येतं. नुसतं चेक-इन करून घरी येऊ नका.

२४. वयस्कर आईवडिलांना घेऊन जायचंय. काय काय सांगून ठेवावं?

बाथटबात उभं राहून शॉवर घ्यावा लागेल अशी खोली नको, हे पहिलं सांगा. टबाची कड गुडघे दुखणाऱ्या माणसाला डोंगराएवढी असते. धरायला दांडी असलेली, वेगळ्या शॉवरची खोली मागा. मिळाली की ते तुमच्या खात्याच्या पसंतीतही लिहून ठेवायला सांगा. लिफ्ट जवळ असावी (इथे प्रश्न १२ मधला माझा नियम उलटा होतो). व्हीलचेअर लागली तर बेल डेस्कला असते, तिचे पैसे पडत नाहीत.

आईला मी पहिल्यांदा जुहूला नेलं तेव्हा ती ऐंशीची होती. सकाळी ब्रेकफास्टला तिला एवढ्या पदार्थांतलं काहीच नको होतं. मऊ भात, मेतकूट आणि तूप हवं होतं. मेतकूट तिच्या पिशवीत होतंच. वाढणाऱ्या मुलाला सांगितलं, तर तो आत जाऊन वाफाळता भात आणि तुपाची वाटी घेऊन आला. दुसऱ्या दिवशी आम्ही बसायच्या आधी भात टेबलावर होता. खात्याच्या पसंतीत आता ‘वेगळा शॉवर’च्या खाली ‘सकाळी मऊ भात’ असंही लिहिलेलं आहे.